वास येत असल्याचा दाखला

गाडी मागे येताना गाणं वाजवत होती. हुंगेमास्तरांना ते पक्कं आठवतं, कारण पडण्याआधीचं तेवढंच त्यांच्या डोक्यात शाबूत राहिलं. बाळाला झोपवायला म्हणावं तसलं मंजुळ गाणं वाजवत एक पांढरीशुभ्र मोटार फाटकातून उलटी बाहेर आली, आणि मास्तर सायकलवरून, जन्मभर चालले तसे नाकासमोर, कामावर निघाले होते. मोटार चालवणारे गृहस्थ मागे बघायचं सोडून पुढे, दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना टाटा करत होते. सासूबाईही टाटा करत होत्या. मास्तर हवेत गेले तेव्हा सासूबाईंचा हात वरच होता. बघणाऱ्याला वाटावं, बाई मास्तरांनाच निरोप देतायत.

मास्तर पडले ते डोक्याच्या मागच्या बाजूवर. सायकल पडली मास्तरांवर. आणि मोटारवाला निघाला कोण, तर चष्म्याच्या दुकानाचा मालक.

"दिसलाच नाहीत हो तुम्ही!" असं तो दवाखान्यात येऊन अगदी कळवळून म्हणाला. जाताना उशाशी आपलं कार्ड ठेवलं. "कधीही या दुकानात. फ्रेम माझ्याकडून, काचांचं बघू."

मास्तरांच्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं. जे झालं होतं ते घरी आल्यावर कळलं.

बायकोनं गॅसवर दूध ठेवलं आणि ती दारात शेजारणीशी बोलत राहिली. मास्तर स्वयंपाकघरातच बसले होते, गॅसकडे पाठ करून, पेपर वाचत. थोड्या वेळानं बायको खोकत खोकत आत धावली.

"अहो! दुधाचा कोळसा झाला, आणि तुम्ही इथे ढिम्म बसलाय?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या पाठीमागे!"

मास्तर वळले. धूर दिसला. नुसता दिसला.

मग मास्तरांनी घरात मिळेल ते हुंगायला सुरुवात केली. साबण. बूट. बुटाचं पॉलिश. आगपेटीची काडी. दम्याच्या औषधाची बाटली. सगळ्याला एकच वास, म्हणजे हवेचा, म्हणजे कसलाच नाही. शेवटी त्यांनी बायकोच्या मानेशी नाक नेलं.

"हे काय भर दुपारी!" ती म्हणाली, आणि मग तिनं त्यांचं तोंड बघितलं.

आता हे दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर लोक म्हणाले असते, चला, जीवावरचं नाकावर निभावलं. पण हुंगेमास्तरांना हुंगेमास्तर म्हणत ते उगाच नाही. डेअरीत सकाळी दुधाचे ट्रक लागतात, कॅन ओट्यावर उतरतात, आणि एक माणूस पुढे होतो. तो झाकण उचलतो आणि उलटं करून नाकाशी नेतो, कारण कॅनभर दुधाचा वास झाकणाच्या पोटात साचलेला असतो. एका श्वासात निकाल. 'घे' म्हटलं की कॅन टाकीत रिकामा, 'परत' म्हटलं की पुन्हा ट्रकात. डेअरीत यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, पांढरे कोट घातलेली पोरं होती. पण नळीला वेळ लागतो आणि तोवर ट्रक उन्हात तापतात. म्हणून आधी नाक, मग नळी. ट्रकवाले मास्तरांना पाठीमागे शिव्या घालत आणि समोर आले की म्हणत, "काय मास्तर, तब्येत काय म्हणतेय?" सर्दी झालीय का, हे विचारायची ती सभ्य पद्धत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, मागून मार बसला की मेंदू पुढे आपटतो आणि वासाच्या बारीक तारा तुटतात. कधी जुळतात, बहुधा नाहीच.

मास्तरांनी डेअरीच्या साहेबांना जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. साहेब भला माणूस होता, म्हणजे वाईट बातमी देताना चहा मागवायचा. चहा पाजून त्यानं मास्तरांना कॅन धुवायच्या कामावर लावलं, अर्ध्या पगारावर.

"चष्मेवाल्याच्या विमा कंपनीकडे भरपाई मागा," साहेब म्हणाला. "त्यांच्या डॉक्टरनं लिहून दिलं की वास गेला, की पैसे ते देतील आणि मी तुम्हाला हलकं काम कायमचं देईन. पण वर मला कागद दाखवावा लागेल. नुसतं तुमच्या सांगण्यावर नाही व्हायचं."

अर्ध्या पगारात घरभाडं आणि बायकोच्या दम्याची औषधं यांतलं एकच काहीतरी बसत होतं. तेव्हा भरपाई मिळाली तर घर, नाही तर काय, याचा दोघंही मोठ्यानं विचार करत नव्हती.

इथे मेव्हण्यानं उडी घेतली. बायकोच्या या धाकट्या भावाचं कोर्टाबाहेर झेरॉक्सचं दुकान. इतके दावे त्याच्या काचेवर पालथे पडून गेले होते, की आपण वकील नाही हे तो पार विसरून गेला होता.

"दाजी, विमावाले एक नंबरचे लबाड," तो खुर्ची उलटी करून बसत म्हणाला. "नाकाशी काहीबाही धरतील आणि तुमच्या तोंडाकडे टक लावून बसतील. भुवई हलली की खेळ खलास. तुम्ही दगड व्हायचं. दगड!"

"अरे, पण मला खरंच येत नाही वास."

"तीच तर भानगड आहे! खरी माणसं गाफील राहतात. माझ्या दुकानात रोज येतात खरी माणसं, हरल्याच्या निकालाची झेरॉक्स काढायला."

मग तालीम सुरू झाली. मास्तर खुर्चीत ताठ बसायचे, मेव्हणा एकेक वस्तू नाकाशी आणायचा आणि बायकोनं भुवयांवर लक्ष ठेवायचं. साबणाला मास्तर पास झाले. पेट्रोलला पास झाले. मेव्हण्याच्या मोज्याला तर बायको खोलीबाहेर पळाली, मास्तर जागचे हलले नाहीत. मग मेव्हण्यानं मिरचीची पूड आणली आणि मास्तर असे शिंकले की पूड मेव्हण्याच्याच डोळ्यांत गेली.

"शिंकायचं नाही म्हटलं ना, दाजी!" मेव्हणा नळाखाली तोंड धरून ओरडला.

"अरे, वास नाही आला. झोंबलं नुसतं."

"ते त्यांना काय कळणार? शिंक म्हणजे शिंक!"

"मेलेला माणूससुद्धा मिरचीनं शिंकेल की रे," बायको म्हणाली.

"मेलेल्याला भरपाई जास्त मिळते, ताई. आपलं हे जिवंत माणसाचं प्रकरण आहे, जपून करायला पाहिजे."

मास्तर नाकासमोर चालणारे, पण एकदा शिकायला बसले की नेटानं शिकणारे. जीभ टाळूला दाबायची, बुटात पायाची बोटं आवळायची आणि समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे बघत राहायचं. आठवडाभरात ते मिरचीसमोर असे बसायला लागले, की बायकोला त्यांची भीती वाटायला लागली.

विमा कंपनीची डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन, सौम्य बोलणारी बाई. खोलीतल्या खिडक्या बंद, टेबलावर बुचं लावलेल्या तपकिरी बाटल्या. बायको आणि मेव्हणा बाहेर बाकावर.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "काय जाणवतंय तेवढंच सांगायचं."

पहिल्या बाटलीत कॉफी होती म्हणे. मास्तरांनी हुंगलं. "नाही."

लवंग. "नाही."

अत्तर. "नाही हो."

प्रत्येक 'नाही' सोळा आणे खरं होतं. बाईंनाही ते पटत चाललं होतं. त्यांनी लिहिता लिहिता मान हलवली, ती 'अरेरे' म्हटल्यासारखी. मास्तरांना वाटलं, झालंच आता. मेव्हणा उगाच घाबरवत होता.

मग बाईंनी शेवटच्या बाटलीचं बूच काढलं.

त्यात अमोनिया होता. नाकातून तापलेली सळई घालून डोळ्यांच्या मागे टेकवावी, तसं काहीतरी मास्तरांच्या डोक्यात घुसलं. वास नव्हता तो. वार होता. आणि आठवडाभर घोटून घेतलेलं शरीर आपसूक कामाला लागलं. जीभ टाळूला, बोटं बुटात, भिंतीवर डाग. दगड.

"काही जाणवलं?"

"नाही," दगड म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

मास्तरांच्या गालांवरून धारा वाहत होत्या, हनुवटीवरून शर्टावर टपटपत होत्या. "ते... बायकोची आठवण आली."

"बायको कुठे असते?"

"बाहेर. बाकावर."

बाईंनी बाटलीला बूच लावलं आणि पेन खाली ठेवलं. राग आला नव्हता त्यांना, वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

"हे बघा, कॉफी न येणं, लवंग न येणं समजू शकते मी. पण ही बाटली वासासाठी नसतेच. ही झोंबते. ज्यांचा वास पूर्ण गेलाय तेसुद्धा हिला दचकतात, मागे सरतात, खोकतात. न दचकणारा एकच, जो घरूनच ठरवून आलेला असतो की काही कबूल करायचं नाही."

मास्तरांचा श्वास सुटला आणि आता, सगळं संपल्यावर, ते खोकायला लागले. खोकता खोकताच म्हणाले, "बाई, झोंबलं. लई झोंबलं. मी दाबून धरलं. मला वाटलं, हलायचं नसतं."

"कोणी सांगितलं हलायचं नसतं?"

"मेव्हण्यानं."

"म्हणजे शिकवून पाठवलंय तुम्हाला," बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

बाहेर मेव्हणा टुणकन उठला. "भुवई हलली का?"

"नाही."

"शाब्बास, दाजी!"

कंपनीचं पत्र आलं. अर्जदाराची वास घेण्याची शक्ती शाबूत असून तो ती हेतुपुरस्सर लपवत आहे, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. त्यालाही कंपनीनं कळवलं होतं. "मास्तर, अभिनंदन! पूर्ण बरे झालात म्हणे. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!"

मास्तर पत्र घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी ते वाचलं आणि शिपायाला चहा सांगितला, तेव्हाच मास्तरांनी ओळखलं, बातमी वाईट आहे.

"उद्यापासून ओट्यावर या," साहेब म्हणाला. "पूर्ण पगार."

"साहेब, मला खरंच येत नाही हो वास. तुमच्या पाया पडतो."

"मला पटतं मास्तर. कागदाला पटत नाही. आता तुम्ही खरे धरले तर ती डॉक्टर खोटी, आणि तिच्याशी भांडायला मी कुठे जाऊ? तुम्ही खोटे धरले तर खोट्या माणसाला कामावर ठेवू कसा? आणि वास येणाऱ्या माणसाला कॅन धुवायला बसवलं तर वरचे मला धुतील."

"पण तिथे उभा राहून करू काय?"

"उभे राहा की. तुम्ही नव्हता तर ट्रकवाल्यांनी काय काय खपवलंय इथे! तुम्ही नुसते दिसलात तरी निम्मे सरळ होतील."

शेतातल्या बुजगावण्याला तरी कोणी 'घे' आणि 'परत' म्हणायला लावत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर ओट्यावर उभे राहिले. हमालानं पहिला कॅन पुढे सरकवला. मास्तरांनी झाकण उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं. थंडगार पत्रा नाकाच्या शेंड्याला लागला. बाकी काही नाही. सगळे ट्रकवाले श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते, आणि मास्तर झाकणावरून हळूच त्यांच्याकडे बघत होते.

तेव्हा त्यांना ते दिसलं. कॅन ज्याचा होता तो गडी आपल्या चपलेकडे बघत होता.

"परत," मास्तर म्हणाले.

"मास्तर, जरासंच आंबूस आहे हो," गडी काकुळतीला आला, "वाटेत चाक बसलं."

अख्खा ओटा कौतुकानं हलला. "बघा! इतके महिने गेले, पण नाक आहे तसंच!"

मग मास्तर तोंडं वाचायला शिकले. कोण चपलेकडे बघतो, कोण उगाच तब्येत विचारतो, कोणाला नेमकी आत्ताच तंबाखू मळायची असते. नाकानं जन्मभर जे केलं ते आता डोळ्यांनी सुरू झालं, आणि गंमत म्हणजे ते चाललं. कधी चांगलं दूध परत गेलं असेल, एखाद्या भित्र्या माणसाचं. मास्तरांना रात्री ते टोचायचं. पण नळीवाल्या पोरांची तक्रार आली नाही, घरभाडं भरलं गेलं, बायकोचं औषध आलं. एकदा जेवताना, म्हणजे वासाबरोबर चवही गेल्यामुळे नुसता लगदा गिळताना, मास्तर तिला म्हणाले, "चष्मेवाल्याकडून चष्मा आणावा म्हणतो. आता डोळेच कामाचे." ती हसली, आणि मग दोघांनीही ताटात बघितलं.

पण हा सगळा डाव एका गोष्टीवर उभा होता. माल खराब असेल तर माल आणणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

एक दिवस नवा ट्रकवाला आला. हसरा गडी, तोंड आरशासारखं स्वच्छ, शिवाय नाक सर्दीनं चोंदलेलं. त्याच्या बायकोनं, डेअरीत पहिल्यांदाच माल चाललाय तर घराण्याला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून, कॅन आतून फिनेलनं घासून काढला होता आणि घाईत धुवायचा राहिला होता. मास्तरांनी झाकण नाकाशी नेलं. गड्याकडे बघितलं. गडी लग्नाच्या फोटोत उभं राहावं तसा ताठ, मान वर.

"घे," मास्तर म्हणाले.

हमालाच्या हातात कॅन तसाच राहिला. भपकारा त्याच्या तोंडावर आला होता. त्यानं शेजारच्या हमालाकडे बघितलं. त्यालाही आला होता. दोघांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पुढच्या झाकणाकडे वळले होते.

"मास्तर घे म्हणतायत," दुसरा कुजबुजला. "त्यांच्यापुढे तुझं नाक मोठं का?"

कॅन टाकीत गेला. टाकीत वास विरला. नळीवाली पोरं आंबटपणा आणि पाणी तपासायची, फिनेल तपासा असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दूध पिशव्यांत भरलं गेलं, पिशव्या दारोदार गेल्या. मोठ्यांनी घोट थुंकून टाकला आणि डेअरीला शिव्या घातल्या. बाटलीतून पिणाऱ्या तान्ह्या पोरांना थुंकता आलं नाही.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक माणूस आला. साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तो आणि साहेब, दुसऱ्या बाजूला मास्तर. टेबलावर विमा कंपनीचं पत्र.

"पोरं कशी आहेत?" मास्तरांनी बसायच्या आधीच विचारलं.

"दवाखान्यात आहेत. वाचतील म्हणतात," चौकशीवाला म्हणाला. "बसा. ओट्यावर त्या दिवशी तुम्हीच होता?"

"मीच."

"वास आला होता?"

"मला वासच येत नाही, साहेब. अपघातापासून."

"हे तर म्हणतंय येतो." त्यानं पत्रावर बोट ठेवलं. "डॉक्टरची सही आहे."

"मी ह्यांना सांगितलं होतं. पाया पडून सांगितलं होतं."

साहेब खिडकीबाहेर बघत होता. मास्तरांना आता तोंडं वाचता येत होती. त्यांनी ते तोंड वाचलं.

चौकशीवाल्यानं खुर्ची पुढे ओढली. तो कंटाळला होता, दुष्ट नव्हता. "समजून घ्या, मास्तर. वास येत नाही म्हणालात, तर येत नसताना तुम्ही ओट्यावर उभे राहिलात, रोज राहिलात, पगार घेतलात आणि पोरांच्या जिवाशी खेळलात. हे पोलिसांकडे जाईल. येतो म्हणालात, तर त्या दिवशी चूक झाली. माणूस आहे, चूक होते. नोकरी जाईल, पण तुमच्या घामाचं जे साठलंय ते हातात पडेल आणि तुम्ही घरी जाल. आता सांगा. वास आला होता?"

बाहेर ओट्यावर कॅन आदळल्याचे आवाज येत होते. पांढऱ्या कोटातलं कोणीतरी हसत जिना उतरलं. मास्तरांना बायकोचा रात्रीचा श्वास आठवला, शिट्टीसारखा वाजणारा.

"आला होता," ते म्हणाले.

"मग घे कसं म्हणालात?"

"लक्ष नव्हतं."

"बरं. कसा होता वास? नीट सांगा, मला उतरवून घ्यायचंय. नाहीतर वरचे म्हणतील, आम्हीच तुमच्या तोंडात घातलं."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, काहीच येणार नाही. पण ते आलं, नाकातून नाही, कुठून तरी खूप मागून, आणि येतच राहिलं.

"आधी ओली फरशी," ते म्हणाले. "नुकतीच पुसलेली. वाळायच्या आधी कोणीतरी अनवाणी गेलंय तिच्यावरून. मग डांबर, उन्हात मऊ झालेलं, पण लांब कुठेतरी, गल्लीच्या टोकाला. मग कडवट, जिभेच्या मुळाशी. आणि त्या सगळ्याच्या खाली दूध. दूध होतं तिथेच, बिचारं तळाशी दबून बसलेलं. ताजं होतं. सकाळचंच. गाय ओलं गवत खाऊन आली होती, आणि धार काढणाऱ्या बाईचे हात राखेनं घासलेले होते. भांडं नवं, कडेला अजून कथिल लागत होतं. चांगलं दूध होतं हो. एकदम चांगलं. कोणीतरी फार जीव लावून आणलं होतं."

बोलता बोलता त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. चौकशीवाल्याचं पेन मधेच थांबलं होतं. त्यानं भानावर येऊन सगळं भराभर उतरवून घेतलं, आणि शेवटी स्वतःच्या अकलेनं एक ओळ जोडली: इतका बारीक वास येणाऱ्या कामगाराकडून असा हलगर्जीपणा अक्षम्य आहे.

त्यानं कागद फिरवून पुढे केला. मास्तरांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आणि सही केली.